जुन्या मॅक संगणकावर नवी कार्यप्रणाली : उपयोग, मर्यादा आणि दक्षता

संगणकाचे आयुष्य दोन प्रकारे मोजले जाते. एक त्याच्या विद्युत् व यांत्रिक भागांचे आणि दुसरे त्यावर चालणाऱ्या कार्यप्रणालीचे. पडदा स्वच्छ आहे, प्रोसेसर सुस्थितीत आहे, तरीही नव्या प्रणालीच्या यादीत यंत्राचे नाव नाही एवढ्याच कारणाने ते अडगळीत जाते, असे अनेकदा आढळून येते. ॲपल कंपनीच्या मॅक संगणकांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष ठळकपणे जाणवतो; कारण तेथे यंत्र आणि प्रणाली या दोहोंची निर्माती एकच कंपनी असते.

बेळगावच्या उत्तरेस पुणे–बंगळूर महामार्गावर वसलेले काकती हे गाव कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांचे जन्मस्थान म्हणून परिचित आहे. अशा शहरालगतच्या गावातील मराठी शाळेस, वाचनालयास किंवा लग्नपत्रिका छापणाऱ्या छोट्या व्यावसायिकास एखाद्या छापखान्यातून वापरून झालेला आयमॅक संगणक देणगीदाखल अथवा अल्प किमतीत मिळू शकतो. त्याचा उपयोग कसा करावा, कोठवर करावा आणि कोठे थांबावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. पाठिंबा संपणे म्हणजे काय?

ॲपल कंपनी दरवर्षी मॅकओएस या प्रणालीची नवी आवृत्ती प्रसिद्ध करते व ती कोणत्या यंत्रांवर चालेल हेही ठरवून देते. सर्वसाधारणपणे चालू आवृत्ती आणि तिच्या मागील दोन आवृत्त्या यांनाच सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहतात. २०१२ च्या अखेरीस निघालेल्या २७ इंची आयमॅकचे उदाहरण घ्यावे. या यंत्रास अधिकृतपणे मिळालेली शेवटची आवृत्ती म्हणजे २०१९ ची कॅटालिना. त्या आवृत्तीची अखेरची सुरक्षा-दुरुस्ती जुलै २०२२ मध्ये आली. त्यानंतर यंत्र बंद पडले नाही. परंतु प्रणालीत नव्याने सापडणारी छिद्रे बुजविणारे कोणी उरले नाही. कालांतराने नवे ब्राउझरही अशा जुन्या आवृत्तीवर बसेनासे होतात आणि मग शासकीय संकेतस्थळावरील साधा अर्जदेखील नीट उघडत नाही. जुन्या यंत्रावर नवी प्रणाली घालण्याची निकड निर्माण होते ती येथे.

२. यंत्र नाकारले जाण्याची कारणे

नकाराचे दोन प्रकार ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पहिला केवळ यादीचा. प्रत्येक मॅक यंत्रास प्रतिमानाचा एक संकेत असतो. वरील आयमॅकचा संकेत ‘आयमॅक १३,२’ असा आहे. प्रणालीची प्रतिष्ठापना सुरू होताना हा संकेत यादीशी ताडून पाहिला जातो व तो नसल्यास काम तेथेच थांबते.

दुसरा नकार अधिक खोलवरचा असून तो यंत्राच्या अंगभूत क्षमतेशी निगडित आहे. २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून ‘मेटल’ या चित्रांकन-पद्धतीस मानणारे ग्राफिक कार्ड आवश्यक झाले. त्या वेळी २०१० व २०१२ च्या मॅक प्रो यंत्रांतील कार्ड बदलता येत असल्याने, योग्य कार्ड बसविलेल्या यंत्रांना खुद्द कंपनीनेच मोहावे वापरण्याची मुभा दिली. आयमॅकच्या मालकांस ही सोय सहजी उपलब्ध नव्हती. पुढे २०२१ च्या मॉन्टेरे आवृत्तीतून एनव्हिडियाच्या केप्लर पिढीतील कार्डांचे चालक-कार्यक्रम काढून टाकण्यात आले. २०२२ च्या व्हेंचुरा आवृत्तीत तर प्रोसेसरला ‘एव्हीएक्स२’ हा आज्ञासंच ठाऊक असलाच पाहिजे असे गृहीत धरले गेले. २०१२ च्या आयमॅकमधील प्रोसेसरला तो ठाऊक नाही.

३. ठिगळ लावण्याची रीत

या अडचणींवर स्वयंस्फूर्त तंत्रज्ञांनी उपाय शोधले. २००० नंतरच्या दशकात ‘एक्सपोस्टफॅक्टो’ या साधनाने जुन्या पॉवर मॅक यंत्रांवर मॅक ओएस एक्स चालविता येत असे. बिग सर या २०२० च्या आवृत्तीपासून २०२४ च्या सेक्वोयापर्यंतच्या प्रणालींसाठी ‘ओपनकोर लेगसी पॅचर’ हे विनामूल्य साधन उपलब्ध आहे. त्याचे कार्य दोन टप्प्यांत चालते.

पहिल्या टप्प्यात ‘ओपनकोर’ हा छोटा कार्यक्रम डिस्कच्या आरंभीच्या स्वतंत्र भागात ठेवला जातो. यंत्र सुरू होताच मॅकओएसच्या आधी तो जागा होतो आणि यादीची तपासणी ओलांडून देतो. दुसरा टप्पा प्रणाली बसविल्यानंतरचा. त्यात काढून टाकलेले जुने चालक-कार्यक्रम, म्हणजे ग्राफिक कार्डाचे किंवा बिनतारी जाळ्याचे, नव्या प्रणालीत पुन्हा बसविले जातात. यासच ठिगळ म्हणावयाचे.

‘एव्हीएक्स२’च्या अडचणीवरील तोड मोठी मार्मिक आहे. २०२० पासून ॲपलने स्वतःच्या प्रोसेसरचे मॅक काढले. त्यांवर इंटेलसाठी लिहिलेले कार्यक्रम चालावेत म्हणून ‘रोझेटा’ हा दुभाषी ठेवला. या दुभाष्यासाठी प्रणालीच्या मूळ संग्रहांची एक प्रत जुन्या, साध्या आज्ञासंचात ठेवणे कंपनीला भाग पडले. पॅचर हीच प्रत उचलून जुन्या इंटेल यंत्रास पुरवितो.

४. मोहोर आणि पहारा

येथवरचे वर्णन वाचून ‘प्रणाली चालते, मग प्रश्न सुटला’ असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, ठिगळ लावण्यासाठी काय उसवावे लागते, हे पाहिल्याखेरीज निर्णय घेणे योग्य नव्हे.

खजिन्याच्या थैलीवर लाखेची मोहोर असते, तशी बिग सरपासून मॅकओएसच्या मूळ भागावर गणिती मोहोर असते. प्रत्येक फाइलीचा गणिती ठसा घेऊन त्या सर्वांवर एक अंतिम ठसा काढलेला असतो. एकही अक्षर बदलले तर मोहोर जुळत नाही. जुने चालक-कार्यक्रम मूळ भागात घालावयाचे म्हणजे ही मोहोर फोडणे आलेच. शिवाय २०१५ पासून प्रणालीच्या गाभ्यावर जो पहारा ठेवलेला आहे, तोही काही अंशी शिथिल करावा लागतो.

याचे परिणाम व्यवहारात दिसतात. मोहोर फुटल्यामुळे पुढील दुरुस्ती तुकड्याने न येता बहुधा संपूर्ण प्रणालीच उतरवून घ्यावी लागते. ती अनेक गिगाबाइटची असते. प्रत्येक दुरुस्तीनंतर ठिगळे पुसली जातात व ती पुन्हा लावावी लागतात. तोपर्यंत पडद्यावरील हालचाल अतिशय मंद होते. सारांश, सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात हा लाभ आणि पहारा सैल होतो ही हानी, असे दोन्ही एकाच व्यवहारात पदरी पडतात. नव्या प्रणालीवरील यंत्र जुन्या प्रणालीपेक्षा अधिक सुरक्षित असू शकते; परंतु कंपनीच्या पाठिंब्यातील यंत्राइतके ते सुरक्षित मानू नये.

५. मराठी मजकुराचा प्रश्न

सीमाभागातील शाळा व छपाई-व्यावसायिक यांच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची बाब जुन्या मजकुराची आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणी खास फाँटांवर होत असे. अशा फाँटांत पडद्यावर ‘क’ दिसला, तरी फाइलीत मात्र एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा संकेत साठविलेला असतो. फाँट हरवला की वार्षिक अंक, स्मरणिका, मतदारांच्या वा सभासदांच्या याद्या हे सारे निरर्थक चिन्हांचे ढीग होऊन बसतात.

यातच २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकओएसने ३२-बिट कार्यक्रमांचा पाठिंबा पूर्णतः बंद केला. २०१२ च्या सीएस६ संचातील इनडिझाइन हे त्याचे ठळक उदाहरण. त्यावर रचलेली पाने त्याच कार्यक्रमात उघडण्यास मोहावे किंवा तीपूर्वीची आवृत्तीच लागते. नवी प्रणाली घालण्याच्या उत्साहात जुनी पुसली, तर यंत्र वाचते पण दहा-पंधरा वर्षांचे काम हातचे जाते.

युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांना स्वतंत्र, प्रत्येकी १२८ स्थानांचे कोष्टक दिलेले आहे. त्यामुळे एकाच पानावर दोन्ही भाषा निर्धास्तपणे नांदू शकतात. काकतीसारख्या ठिकाणी, जेथे एकाच सूचनेस दोन्ही लिप्यांची गरज पडते, तेथे ही सोय फार मोलाची आहे. यास्तव प्रणाली बदलण्यापूर्वी महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून, मूळ पानांच्या पीडीएफ प्रती काढून ठेवाव्यात. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार व वेलांट्या मूळ छापील प्रतीशी ताडून पाहाव्यात.

६. प्रत्यक्ष कृती

जुनी व नवी अशा दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर राखण्याची पद्धत सर्वांत श्रेयस्कर होय. तिचे टप्पे असे :

(अ) संपूर्ण माहितीच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर घ्याव्यात. एक प्रत यंत्रापासून कायम विलग ठेवावी.

(आ) यंत्राचे प्रतिमान पाहून पॅचरच्या निर्मात्यांनी त्या प्रतिमानाविषयी दिलेल्या त्रुटी वाचाव्यात. साधन त्यांच्याच मूळ स्थानावरून घ्यावे. तयार भरलेले पेनड्राइव्ह विकत घेऊ नयेत.

(इ) अंतर्गत डिस्क न पुसता नवी प्रणाली बाहेरील एसएसडीवर बसवावी. २०१२ च्या आयमॅकला यूएसबी ३ ची सोय असल्याने वेग पुरेसा मिळतो. उलट, जुन्या फिरत्या डिस्कवर नव्या आवृत्त्या फारच मंद चालतात.

(ई) स्मृती वाढवावी. २७ इंची प्रतिमानात मागील झडप उघडून ती ३२ गिगाबाइटपर्यंत वाढविता येते. २१.५ इंची प्रतिमानाचा पडदा चिकटविलेला असल्याने तेथे हे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

(उ) सुरक्षा-दुरुस्त्या अद्याप मिळत असलेलीच आवृत्ती निवडावी.

(ऊ) पावसाळ्यात वीज वारंवार खंडित होते. प्रतिष्ठापनेच्या वेळी यूपीएस जोडलेला असावा.

(ए) यंत्र सुरू करताना ऑप्शन कळ दाबून धरल्यास प्रणालींची निवड समोर येते. जुनी प्रणाली वापरताना जाळ्याची जोडणी काढून ठेवावी.

७. कोणत्या कामास कोणती वाट

टंकलेखन, पाठांची तयारी, चित्रे, शैक्षणिक चित्रफिती व सर्वसाधारण वाचन यांसाठी ठिगळ लावलेली प्रणाली उपयुक्त ठरते. जुन्या पानांसाठी जुनी प्रणाली, पण जाळ्याविना. मात्र विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती, वेतन, बँकेचे व्यवहार आणि कार्यालयीन परवलीचे शब्द यांकरिता अशा यंत्राचा वापर करू नये. तेथे पाठिंब्यातील यंत्रच हवे. जुन्या मजकुराची गरज नसेल, तर लिनक्सचा पर्यायही विचारात घ्यावा. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणाली त्यावरच आधारलेली आहे.

हा मार्ग कायमचा नाही, याचीही जाणीव असावी. इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी २०२५ ची टाहो ही अखेरची आवृत्ती असेल, असे ॲपलने जाहीर केले आहे. विक्री बंद होऊन सात वर्षे झालेल्या यंत्रांचे सुटे भागही कंपनी सहसा पुरवीत नाही. म्हणजेच या पद्धतीने मिळतात ती काही जादा वर्षे. त्या अवधीत जुना मजकूर सुरक्षित करून घेणे, हा तिचा सर्वांत चांगला उपयोग होय. अखेरीस यंत्र निकामी झाल्यावर ते भंगारात न देता, १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावे. त्यापूर्वी डिस्कवरील माहिती पुसण्यास विसरू नये.

स्वाध्याय

१. यादीतून वगळलेले यंत्र आणि क्षमतेत अपुरे पडणारे यंत्र, यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.

२. मोहोर फोडल्याने होणारे दोन परिणाम सांगा.

३. आपल्या संस्थेतील संगणकांवर कोणकोणत्या फाँटांतील मराठी फाइली आहेत याची यादी करा व त्यांपैकी युनिकोडमध्ये प्रथम कोणत्या न्याव्यात, ते कारणांसह लिहा.