कार्बनाची राख आणि धातूंची ऑक्साइडे

कोळसा जळला की त्यातील कार्बनाचा ऑक्सिजनाशी संयोग होऊन कार्बन डाय-ऑक्साइड हा वायू तयार होतो. ज्वलनात मिळावयाची उष्णता मिळून गेलेली असते. म्हणून हा वायू म्हणजे एका परीने कार्बनाची राखच होय. या राखेच्या एका रेणूशी हायड्रोजनाचे तीन रेणू संयोग पावले, तर मेथिल अल्कोहोल व पाणी यांचा एकेक रेणू मिळतो. मेथिल अल्कोहोल इंधन म्हणून चालते. फॉर्माल्डिहाइडाचा तर तो मुख्य कच्चा माल आहे. परंतु हे दोन वायू नुसते एकत्र तापवून भागत नाही. त्यांस उत्प्रेरक लागतो.

जर्मनीत लॉयना येथे १९२३ साली जस्त व क्रोमियम यांच्या ऑक्साइडांच्या साहाय्याने मेथिल अल्कोहोलाचे उत्पादन सुरू झाले. त्यास वातावरणाच्या सुमारे ३०० पट दाब लागे. १९६६ साली इंग्लंडमध्ये तांबे, जस्ताचे ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिना यांचा उत्प्रेरक प्रचारात आला व ५० पट दाब पुरू लागला. (आपल्या वैद्यकातील यशदभस्म म्हणजे मुख्यत्वे हेच जस्ताचे ऑक्साइड.) कारखान्यांत कार्बन मोनॉक्साइड व थोडा कार्बन डाय-ऑक्साइड यांचे मिश्रण वापरीत, आणि अल्कोहोल मोनॉक्साइडापासूनच बनते अशी अनेकांची समजूत होती. किरणोत्सर्गी कार्बनाची खूण घालून केलेल्या व १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उलटेच दिसले: अल्कोहोलातील कार्बन प्रामुख्याने डाय-ऑक्साइडातून आलेला होता!

तरीही केवळ डाय-ऑक्साइड वापरला असता अडचण येते ती पाण्याची. क्रियेत निपजणाऱ्या पाण्यामुळे तांब्याचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून मोठे होतात व उत्प्रेरक मंदावतो. झुरिच येथील संशोधकांनी २०१६ साली झिर्कोनियमच्या ऑक्साइडावर बसविलेले इंडियमचे ऑक्साइड वापरून पाहिले. ते १,००० तास टिकले. त्याच्या पृष्ठभागावर कोठेकोठे ऑक्सिजनाच्या अणूची जागा रिकामी असते. त्या जागी डाय-ऑक्साइडाचा रेणू अडकतो, हायड्रोजन त्यास येऊन मिळतो, आणि अल्कोहोल सुटून गेल्यावर जागा पुन्हा मोकळी होते. इंडियम मात्र दुर्मीळ. ते बहुधा जस्ताच्या धातुकाचे उपउत्पादन म्हणून हाती येते.

खरा प्रश्न हायड्रोजनाचा आहे. ४४ टन डाय-ऑक्साइड बांधण्यास ६ टन हायड्रोजन लागतो. तो नेहमीच्या रीतीने नैसर्गिक वायूपासून काढला, तर त्यातच ५० टनांहून अधिक डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. आइसलंडमध्ये स्वार्टसेंगी येथे २०१२ साली उघडलेल्या कारखान्यात म्हणून हायड्रोजन पाण्याच्या विद्युत्-विघटनाने मिळविण्यात आला, आणि कार्बन डाय-ऑक्साइड शेजारच्या भूगर्भीय उष्णतेवर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या वाफेतून घेण्यात आला.