पाचव्या चिमणीचे पाणी



मत्तयच्या शुभवर्तमानात (१०:२९) प्रभू येशू चिमण्यांचा बाजारभाव सांगतो: एका नाण्याला दोन. लूकच्या शुभवर्तमानात (१२:६) भाव थोडा निराळा आहे: दोन नाण्यांना पाच. हिशेब करून पाहा. दोन नाण्यांना चारच यायला हव्यात. पाचवी वर घातलेली आहे, भाजीवाली कोथिंबिरीच्या दोन काड्या वर घालते तशी. हे नाणे म्हणजे दिनाराचा सोळावा भाग, आणि एक दिनार म्हणजे द्राक्षमळ्यातील मजुराचा दिवसाचा रोज (मत्तय २०:२). चिमण्या हे गरिबांचे खाणे होते. प्रभू म्हणतो, त्या पाचांतील एकीचाही देवाला विसर पडत नाही. म्हणजे फुकटात गेलेल्या पाचवीचाही नाही.

आता आपल्या वसईच्या वाड्यांकडे या. एप्रिल-मे महिन्यात दुपारी साळुंकी, कावळा, बुलबुल चोच उघडी टाकून सावलीत बसलेले दिसतात. पक्ष्यांना घाम येत नाही. धापा टाकून ते अंगातील उष्णता बाहेर टाकतात आणि त्यात शरीरातील पाणी खर्च होते. म्हणून उन्हाळ्यात दाण्यापेक्षा पाण्याची गरज मोठी. आपण मात्र उरलेला पाव आणि फरसाण गच्चीवर टाकतो आणि समाधान पावतो. खारट, तळलेले पदार्थ पाखरांना अपायकारक असतात. उरलेले अन्न कुजते आणि उंदीर-घुशींना निमंत्रण मिळते. द्यायचेच तर मूठभर तांदळाची कणी किंवा बाजरी द्यावी, तीही संध्याकाळपर्यंत संपेल इतकीच.

पाण्यासाठी मातीचे उथळ परळ घ्यावे. पाणी दोन बोटे पुरे. मध्ये एक-दोन दगड ठेवावेत, म्हणजे लहान पाखराला पाय टेकता येतो आणि ते बुडत नाही. भांडे सावलीत, पण मांजर दबा धरून बसेल अशा झुडपाला लागून नको. पाणी रोज बदलावे आणि भांडे घासावे, कारण साचलेल्या पाण्यात आठवडाभरात डास तयार होतात.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. मोठी चिमणी दाणे खाते, पण आपल्या पिलांना ती किडे आणि अळ्या भरवते. आपण भाजीवर आणि जास्वंदीवर भरमसाट औषध फवारतो, तेव्हा तिच्या पिलांच्या ताटातले काढून घेतो. मग गच्चीवर कितीही तांदूळ ठेवले तरी पिलांना त्याचा उपयोग नाही.

बुलबुल आणि दयाळ यांचा विणीचा हंगामही हाच. गेल्या वर्षी मे महिन्यात पावसाच्या तयारीसाठी आम्ही चर्चच्या आवारातील आंब्याच्या फांद्या छाटून घेतल्या. एका फांदीबरोबर बुलबुलाचे घरटे खाली आले. त्यात दोन पिले होती. आई संध्याकाळपर्यंत त्या जागेभोवती घिरट्या घालत राहिली. घरट्यात पिले असतील तर आईला धरू नये, असा नियम अनुवादाच्या पुस्तकात (२२:६-७) आहे. तो आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. आंब्याखाली उभे असताना मात्र तो आठवला नाही. वर पाहून घ्यायला दोन मिनिटे पुरली असती.

कोणी विचारील, आणि विचारणे योग्यच आहे: फादर, माणसे टँकरची वाट पाहत आहेत आणि तुम्ही पाखरांचे काय घेऊन बसलात? ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात दोन्ही गोष्टी आहेत. प्राण्यांना दया दाखवणे हे आपले देणे आहे (परिच्छेद २४१६). आणि माणसाचे दुःख दूर करण्यासाठी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळणे शोभत नाही (२४१८). पण परळातील पाणी एका तांब्याइतकेही नसते. त्याने कोणाचा हंडा रिकामा राहत नाही. हंडा रिकामा राहतो तो बावखले बुजवल्याने. पूर्वी वाडीवाडीत बावखल असे. पावसाचे पाणी त्यात साठे आणि झिरपून विहिरींना मिळे. बंगल्यासाठी, इमारतीसाठी आपणच भरणी टाकून कित्येक बावखले बुजवली. विहीर आटली ती माणसाची, आणि काठावर पाणी प्यायला येणारी पाखरे गेली ती त्याच भरणीने. त्यामुळे माणूस आधी की पक्षी आधी, हा वाद आम्हांला निदान आपल्या गावापुरता पोकळ वाटतो. ज्यांच्या वाडीत बावखल अजून शिल्लक आहे, त्यांनी या मे महिन्यात गाळ काढावा. मनुष्यबळ कमी पडत असेल तर युवकांना सांगावे, ते येतील.

आवारातील झाडांच्या फांद्या यापुढे ऑक्टोबर अखेरीस, मृतांच्या दिनापूर्वी दफनभूमीची साफसफाई होते तेव्हाच छाटल्या जातील. मातीची परळे आणून ठेवली आहेत. पहिल्या मिस्सेनंतर वेदीसेवकांकडून घेऊन जावीत, एका घरी एक.