मुक्त विद्यापीठ : सुटलेले शिक्षण पुन्हा धरण्याचा मार्ग



आम्ही बँकेच्या काउंटरवर बसतो. पासबुक घेऊन येणाऱ्या तरुण भगिनींना शिक्षण विचारले की "लग्नामुळे सुटले" असे उत्तर मिळते. शेतमजुरी करणारी मुलेही तेच सांगतात. पण सुटलेले शिक्षण संपलेले नसते.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. नोकरदारांना शिकता यावे म्हणून तेथे वर्ग सकाळी भरत. विद्यार्थ्याच्या सोयीने शिक्षण, हाच तो विचार. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तर १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. बारावी नसलेल्या प्रौढांसाठी त्याने पूर्वतयारी शिक्षणक्रम आणला. बंद दार उघडले.

मात्र मुक्त म्हणजे सोपे नव्हे. येथे रोजचा वर्ग नाही, हाक मारणारा गुरुजी नाही. पुस्तक स्वतःच वाचावे लागते. एकटा विद्यार्थी म्हणूनच मध्येच थकतो.

तेव्हा प्रवेशापूर्वी शिक्षणक्रमाची मान्यता तपासावी. आठवड्यातून दोन संध्याकाळी विहारात चौघांनी मिळून वाचावे, पदवीधर सभासदांनी अडलेले समजावून द्यावे. दार विद्यापीठाने उघडले आहे. सोबत आपण द्यायची आहे.

जयभीम!