संकल्पाची भाषा : गांजाच्या सवयीतून बाहेर पडताना

पंचशीलातील पाचवे शील आपण सर्वांनी असंख्य वेळा उच्चारले आहे. प्रमादास कारण होणाऱ्या मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याचे शिक्षापद मी ग्रहण करतो, असा त्याचा आशय. ही दुसऱ्याने दिलेली आज्ञा नाही. बोलणारा ते स्वतःच स्वीकारतो. ते एकदा घेऊन संपत नाही, पुनःपुन्हा घ्यावे लागते. व्यसनमुक्तीत जिला सकारात्मक स्वयंसूचना म्हणतात, तिचे मर्मही हेच आहे.

वसतिगृहाची शिस्त सोडून शहरात गेलेल्या तरुणांपुढे गांजा आज सहज येतो. ‘ही तर वनस्पती, हिची सवय लागत नाही,’ असे मित्र सांगतात. वस्तुस्थिती निराळी आहे. नियमित ओढणाऱ्याने गांजा थांबविला की एक-दोन दिवसांत चिडचिड, निद्रानाश, अस्वस्थता व अन्नावरील अरुची सुरू होते. पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वाधिक असतो आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. याच काळात मन म्हणते, ‘माझ्याने होणार नाही.’ स्वयंसूचनेचे काम या वाक्याला उत्तर देण्याचे आहे.

फ्रान्समधील एमिल कुए (१८५७–१९२६) या औषधशास्त्रज्ञाने आशादायी वाक्य रोज स्वतःशी उच्चारण्याची पद्धत लोकप्रिय केली. मात्र केवळ गोड वाक्य पुरत नाही. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आत्मसन्मान कमी असलेल्यांना स्वतःची स्तुती करणारे वाक्य घोकल्याने उलट अधिक वाईट वाटल्याचे आढळले. न पटणारे वाक्य मन परतवून लावते.

म्हणून वाक्य खरे, वर्तमानकाळातले आणि कृतीशी जोडलेले असावे. ‘मी पूर्णपणे व्यसनमुक्त आहे’ असे पहिल्याच दिवशी म्हणू नये. त्याऐवजी म्हणावे :

• आज मी गांजा ओढत नाही.
• ही तल्लफ आली आहे, ती जाणारही आहे.
• मित्रांनी बोलावले, तर मी वाचनालयात जातो.
• झोप आली नाही, तरी मी श्वासाकडे लक्ष देत पडून राहतो.

सकाळी उठल्यावर, रात्री झोपण्यापूर्वी आणि तल्लफ येताच ही वाक्ये सावकाश म्हणावीत, वहीत लिहावीत. एखाद्या दिवशी पाऊल घसरले, तर ‘सगळे संपले’ असे न म्हणता ‘मी शील पुन्हा ग्रहण करतो’ असे म्हणून त्याच क्षणी पुढे निघावे.

पालकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ‘गांजेकस’, ‘वाया गेलेला’ हे शब्दही सूचनाच असतात आणि घरातून रोज ऐकलेली सूचना खोलवर रुजते. ‘आजचा दिवस तू निभावलास’ हे आईवडिलांचे एक वाक्य मुलाच्या स्वतःच्या दहा वाक्यांना बळ देते.

स्वयंसूचना औषधोपचाराची जागा घेत नाही. भास होणे, संशय बळावणे वा आत्मघाताचे विचार येणे, अशी चिन्हे दिसताच विलंब न करता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र कार्यरत आहे. मदत मागणे हा कमीपणा नव्हे. संघाला शरण जाण्यातही, एकट्याने सारे पेलवत नाही, याची जाण आहेच.