रणगाडा वळतो कसा?

गेल्या महिन्यात परिपाठाच्या वेळी गुरुजींनी परमवीर अरुण खेत्रपाल यांची गोष्ट सांगितली. गोष्ट संपल्यावर पाचवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, साहेब तर वर बसून हुकूम देत होते. मग गाडी कोण हाकत होतं?" सगळे गप्प झाले. कुणालाच सांगता येईना. मग सातवीच्या वर्गाने ठरवले की याचे उत्तर शोधायचे आणि या भित्तिपत्रकात लिहायचे.

पुढचे चाक वळतच नाही

सायकल वळवताना आपण हँडल फिरवतो. पुढचे चाक वळते आणि त्यामागे सायकल वळते. एस.टी.चेही तसेच. रणगाड्याला मात्र दोन्ही बाजूंना लोखंडी कड्यांचे लांब पट्टे असतात. पट्ट्याच्या आत चाके असतात, पण ती डावी-उजवी वळत नाहीत. मग एवढे धूड वळते कसे?

आपली कवायत आठवा. चार मुलांची रांग डावीकडे वळते, तेव्हा डाव्या टोकाचा मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि उजव्या टोकाचा लांब ढांगा टाकतो. रणगाड्याचे अगदी असेच आहे. डावा पट्टा हळू आणि उजवा जोरात चालला की गाडी डावीकडे वळते. बैलगाडी वळवतानाही गाडीवान डावा कासरा ओढतो, डावा बैल अडतो आणि उजवा बैल फेरा घेतो. ट्रॅक्टरवाल्या काकांना विचारा. मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात. बांधापाशी वळताना ते एकच दाबतात.

पहिला रणगाडा : हाकायला चार माणसे

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या लढाईत इंग्रजांनी पहिल्यांदा रणगाडे आणले. त्या 'मार्क १' रणगाड्याचे वजन सुमारे २८ टन होते आणि इंजिन फक्त १०५ अश्वशक्तीचे. वेग ताशी सहा किलोमीटर, म्हणजे आपण भरभर चालतो तेवढाच.

आत आठ माणसे असत आणि त्यातली चार नुसती गाडी हाकण्यात गुंतलेली. एक चालक, त्याच्या शेजारी ब्रेक सांभाळणारा नायक आणि मागे दोन बाजूंचे गियर बदलणारे दोघे. इंजिन माणसांच्या मधोमध उघडेच. आवाज एवढा की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे. मोठे वळण घ्यायचे म्हणजे आधी गाडी थांबवायची. चालक इंजिनाच्या झाकणावर ठोकून मागच्यांचे लक्ष वेधायचा आणि हाताने खूण करायचा. मागचा गडी एका पट्ट्याचा गियर सोडवायचा, नायक तिकडचा ब्रेक लावायचा आणि मग दुसऱ्या पट्ट्यावर गाडी वळायची. आत उकाडा आणि इंजिनाचा विषारी धूर. माणसे बेशुद्ध पडायची. समोरून गोळ्या येत असताना गाडी थांबवून वळवायची म्हणजे काय, याचा विचार करा.

१९१८ साली 'मार्क ५' रणगाडा आला. त्याची गियरची रचना सुधारली होती, म्हणून एकटा चालक तो हाकू लागला.

दोन दांडे

पुढे बऱ्याच रणगाड्यांत चालकापुढे दोन दांडे आले. डावा ओढला की डाव्या पट्ट्याची इंजिनाशी असलेली जोड सुटते. आणखी ओढला की ब्रेक लागतो. दुसऱ्या महायुद्धातला रशियाचा टी-३४ रणगाडा असाच होता. रचना सोपी, पण त्यात दोन अडचणी होत्या.

पहिली, ब्रेक लावला की इंजिनाची ताकद वाया जाते. ब्रेक तापतात आणि वळतानाच गाडी मंदावते. चिखलात तर ती अडकूनच बसेल.

दुसरी अडचण ऐकून आम्हाला नवल वाटले. उतारावर गाडी आपोआप पळू पाहते आणि इंजिन तिला मागे धरून ठेवते. अशा वेळी डाव्या पट्ट्याची नुसती जोड सोडली तर तो मोकळा होऊन जास्त जोरात पळतो. मग गाडी डावीकडे न जाता उजवीकडे जाते! नवखा चालक इथेच फसायचा.

यावर इंग्रजांच्या 'चर्चिल' रणगाड्यात एक तोड निघाली. तिला मेरिट-ब्राउन गियरपेटी म्हणतात. तिच्यात एका पट्ट्याचा वेग जेवढा कमी होतो, तेवढाच दुसऱ्याचा वाढतो. ताकद वाया जात नाही. जर्मनांच्या सुमारे ५७ टनांच्या 'टायगर' रणगाड्याला तर मोटारीसारखे गोल स्टिअरिंग होते. ते बिघडले तर हाताशी असावेत म्हणून दोन दांडेही ठेवलेले होते.

सेंच्युरियनचा चालक

आता आपल्या सैन्याकडे येऊ. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत आपल्याकडे 'सेंच्युरियन' रणगाडे होते. वजन सुमारे ५० टन. उसाने भरलेली बैलगाडी दोन टनांची धरली, तर अशा २५ गाड्या एकावर एक! इंजिन ६५० अश्वशक्तीचे. गियरपेटी तीच, मेरिट-ब्राउन.

चालक पुढे उजव्या बाजूला एकटा बसतो. दोन्ही हातांत दांडे, पायाखाली क्लच, ब्रेक आणि वेग देणारा पेडल. याची गंमत अशी, की खालच्या गियरमध्ये वळण लहान आणि वरच्या गियरमध्ये मोठे. म्हणून जवळचे वळण दिसले की आधी गियर उतरवायचा, मग दांडा ओढायचा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दांडा ओढला तर एक पट्टा पुढे आणि दुसरा मागे फिरतो, आणि रणगाडा जागच्या जागी गिरकी घेतो.

लढाईत डोक्यावरचे झाकण बंद असते. बाहेरचे जग आरशांच्या नळीतून दिसेल तेवढेच. अगदी पुढ्यातला खड्डा दिसत नाही आणि मागचे तर काहीच नाही. वर बुरुजात बसलेला नायक कानातल्या यंत्रावरून सांगतो, "डावीकडे... सावकाश... थांब." बुरुज फिरलेला असेल तर नायकाचे तोंड भलतीकडे असते. तरी त्याने चालकाचे डावे-उजवे ध्यानात ठेवूनच हुकूम द्यायचा असतो. एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने न बघता विश्वास ठेवायचा!

चालकाला आणखी एक भान ठेवावे लागते. रणगाड्याचे समोरचे पोलाद जाड असते आणि बाजूचे पातळ. शत्रूसमोर चुकून कूस वळली, तर आतल्या चौघांच्या जिवावर बेतते.

जमीनही ओळखावी लागते. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तरच्या लढाईत शेतांत पाणी सोडलेले होते. शत्रूचे पॅटन रणगाडे उसाच्या ओल्या रानात शिरले आणि त्यातले कितीतरी रुतून बसले. ओल्या रानात झटक्याने वळले की पट्टा माती उकरतो, कधी निसटतोसुद्धा. आपल्या वडिलांना हे सांगायला नको. ट्रॅक्टर चिखलात रुतला की काय होते ते त्यांना ठाऊक आहे.

करून पाहा

एक पुस्तक जमिनीवर ठेवा. डावी कड बोटाने दाबून धरा आणि उजवी कड पुढे ढकला. पुस्तक डावीकडे वळेल. आता एक कड पुढे आणि दुसरी मागे ढकला. काय होते?

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

१६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पुणे येथे जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आपल्या सेंच्युरियनमधून लढले. रणगाड्याला आग लागली, तरी त्यांनी तो सोडला नाही. वयाच्या २१ व्या वर्षी त्यांना वीरमरण आले. त्या रणगाड्याचे नाव होते 'फामागुस्ता'. तोफेवर नथू सिंग होते, वायरलेसवर नंद सिंग. आणि गाडी हाकत होते प्रयाग सिंग.

हे नाव आम्हाला माहीत नव्हते. आता आपल्या शाळेत सगळ्यांना माहीत झाले.

पालकहो, अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तिथे चर्चिल आणि पॅटन उभे आहेत. सहलीला नेलेत तर मुलांना चालकाची जागा नक्की दाखवा. युद्ध काही खेळ नव्हे, हेही तिथे आपोआप कळते.

सांगा पाहू
१) डावीकडे वळायला कोणता पट्टा जोरात चालला पाहिजे?
२) पहिला रणगाडा हाकायला चार माणसे का लागत?
३) उतारावर नवखा चालक का फसायचा?