फक्करोग, अंगणवाडी आणि ग्रामीण वैद्यांचे कर्तव्य

कौमारभृत्य हे अष्टांग आयुर्वेदाचे एक प्रमुख अंग होय. एक वर्षाचे होऊनही जे बालक चालत नाही, त्याच्या व्याधीस काश्यपसंहितेत ‘फक्क’ म्हटले असून त्याचे क्षीरज, गर्भज व व्याधिज असे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिल्याचे मूळ दूषित स्तन्यात, दुसऱ्याचे मातेस पुन्हा गर्भ राहून आटलेल्या दुधात आणि तिसऱ्याचे ज्वरादी व्याधींत आहे. आजचे तीव्र कुपोषण आणि फक्करोग तंतोतंत एकच आहेत, असे आम्ही म्हणत नाही. तथापि बालकाच्या शोषाचे कारण माता, आहार व व्याधी या तिन्ही ठिकाणी शोधावे, ही दृष्टी आजही मार्गदर्शक आहे.

योजनेचे स्वरूप

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत सुरू झालेली एकात्मिक बाल विकास सेवा योजना याच तीन कारणांवर उपाय करते. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण या तिच्या सहा सेवा होत. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने पूरक आहार हा माता व बालकांचा हक्क ठरला.

महाराष्ट्रात 2005 साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. दोन वर्षांखालील बालकांतील खुजेपणाचे प्रमाण 2005-06 मधील 39 टक्क्यांवरून 2012 च्या राज्य पाहणीत सुमारे 23 टक्क्यांवर आले. मात्र 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के बालके खुजी, तर 25.6 टक्के कृश आढळली. दोन्ही पाहण्यांचे वयोगट भिन्न असल्याने आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. पण कार्य अपुरे आहे, हे निश्चित.

आमच्या परिसरातील अनुभव

वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातील, नागपूर-हैदराबाद महामार्गावरील गाव. कापूस वेचणीच्या दिवसांत माता सकाळीच शेतावर जाते, बालक आजीजवळ राहते आणि दिवसातून जेमतेम दोनदा जेवते. अंगणवाडीतून घरी आलेला आहार साऱ्या कुटुंबात वाटला जातो. पुढे ज्वर वा अतिसार झाला की तेच बालक आमच्या चिकित्सालयात येते. आम्ही व्याधीची चिकित्सा करतो, सोबत एखादे बल्य औषध देतो. पण वजन करीत नाही. पायांवरील शोथास ‘बाळसे’ समजण्याची चूक आमच्याही हातून झाली आहे, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

वैद्यांनी काय करावे?

1. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाच्या दंडाचा घेर मोजावा. घेर 11.5 सें.मी.हून कमी असल्यास तीव्र आणि 11.5 ते 12.5 सें.मी.च्या दरम्यान असल्यास मध्यम कुपोषण समजावे.

2. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबावे. दोन्हीकडे खळगा राहिल्यास घेर कितीही असो, ते तीव्र कुपोषणच होय.

3. शोथ, अन्नद्वेष, तीव्र ज्वर, अंग गार पडणे, जलद श्वास, ग्लानी किंवा सतत अतिसार असल्यास बालकास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. तेथे औषधी प्रयोगात वेळ दवडू नये. उपद्रवरहित व भूक असलेल्या बालकाची नोंद अंगणवाडी सेविकेकडे करून द्यावी, म्हणजे त्यास ग्राम बाल विकास केंद्राचा लाभ मिळू शकेल.

4. पहिले सहा महिने केवळ स्तनपान असावे. बाळगुटीचा आग्रह या काळात आपणच सोडला पाहिजे. एक वर्षापर्यंत मधही देऊ नये. त्यातून अर्भकास गंभीर विषबाधा होण्याचा धोका असतो.

5. सुश्रुताचार्यांनी सहाव्या महिन्यात लघु व हितकर अन्न देण्यास सांगितले आहे. सहा महिने पूर्ण होताच मऊ खिचडी, घट्ट वरणात कुस्करलेली भाकरी सुरू करण्यास सांगावे. त्यात चमचाभर (5 ग्रॅम) तेल घातल्यास सुमारे 45 कॅलरी वाढतात. पातळ पाण्यासारख्या वरणाने पोट भरते, पोषण होत नाही.

औषधी विक्रेत्यांसाठी

1992 च्या व 2003 मध्ये सुधारलेल्या कायद्यानुसार दूधपावडर, दूधबाटली व दोन वर्षांपर्यंतच्या बालकांचे तयार अन्न यांची जाहिरात करण्यास व मोफत नमुने देण्यास मनाई आहे. बालक अशक्त आहे म्हणून कोणी टॉनिक मागितल्यास ‘अंगणवाडीत वजन केले काय?’ एवढे अवश्य विचारावे.

बल्य व बृंहण द्रव्यांचे महत्त्व आम्हांस मान्यच आहे. परंतु जेथे अन्नच अपुरे आहे, तेथे औषध अन्नाची जागा घेऊ शकत नाही. अंगणवाडीचा आहारही नावाप्रमाणे पूरकच आहे. उरलेले घास घरातूनच मिळावयास हवेत. ही गोष्ट आजीस समजावून सांगण्यास वैद्याइतका विश्वासाचा माणूस गावात दुसरा क्वचितच असतो. मोजपट्टीस काही रुपयेच लागतात. ती आजच आपल्या मेजावर ठेवावी, ही सर्व वैद्यबंधू-भगिनींस नम्र विनंती.