वन्संनी दिलेलं वाफेचं मशीन

प्रश्न : गणपतीला पनवेलहून आमच्या वन्सं आल्या होत्या. त्यांचा मुलगा आता मोठा झाला, म्हणून त्याचं नेब्युलायझरचं मशीन त्यांनी आमच्या साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी आणलं. पावसाळ्यात तिला धाप लागते, डॉक्टरांनी घरी वाफ द्यायला सांगितली आहे. मास्क, औषधाचा कप, नळी सगळं जुनंच आहे. त्यांच्या मुलाला श्रावणात फ्लू झाला होता. मास्क गरम पाण्याने आणि डेटॉलने धुऊन वापरला तर चालेल का? शेजारचेही मशीन मागायला येतात, त्यांना नाही कसं म्हणायचं?
— एक वाचक भगिनी, चौल

उत्तर : मशीन आनंदाने ठेवा. मास्क, कप आणि नळी मात्र टाकून द्या आणि मुलीसाठी नवा संच घ्या. रेवदंड्याला किंवा अलिबागला मेडिकलमध्ये ‘नेब्युलायझर किट, लहान मुलांचं’ एवढं सांगितलंत की पुरे. मशीनच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. वन्संच्या देण्यात मोलाचं होतं ते मशीनच, त्यामुळे त्यांना वाईट वाटायचंही कारण नाही.

मशीन म्हणजे नुसता हवेचा पंप. तो नळीतून जोरात हवा सोडतो, ती हवा कपातल्या औषधाचे बारीक तुषार करते आणि ते मास्कमधून मुलीच्या नाकातोंडात जातात. मूल खोकतं, शिंकतं, लाळ गाळतं ते मास्कमध्ये. आपल्याकडे दुसऱ्याने तोंड लावलेलं भांडं आपण विसळल्याशिवाय घेत नाही, घरातली म्हातारी माणसं तर तांब्यातलं पाणीही वरून पितात. मास्क हा त्याहून उष्टा. त्यात फक्त ओठ लागत नाहीत, आजारी श्वास दहा-दहा मिनिटं कोंडलेला असतो.

आता फ्लूबद्दल. श्रावणातल्या फ्लूचा विषाणू भाद्रपदात त्या मास्कवर जिवंत नाही. प्लॅस्टिक किंवा स्टीलसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर तो साधारण 24 ते 48 तास टिकतो, कापडावर किंवा कागदावर त्याहून बराच कमी. शिवाय त्याच्याभोवती चरबीचं नाजूक वेष्टण असतं, ते साबणाने विरघळतं आणि विषाणू निकामी होतो. तेव्हा वन्संच्या मुलाच्या फ्लूची भीती मनातून काढून टाका. खरी भीती आहे ती तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या वाक्याची. सकाळी शेजारच्या तापलेल्या मुलाने वापरलेला मास्क दुपारी तुमच्या मुलीला लागला, तर मधे दोन दिवस जात नाहीत, दोन तास जातात.

आणि हे नेमकं गणपतीत घडतं. काश्मीरात फ्लूचा जोर थंडीत असतो. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात तो पावसाबरोबर चढतो, थंडीच्या अखेरीला पुन्हा एक लहान लाट येते. भाद्रपदात मुंबई, पनवेल, ठाण्याहून माणसं घरी येतात, एका माजघरात पंधरा जण झोपतात, आरतीला पोरं एकमेकांना खेटून उभी राहतात. मुंबईचा ताप खाडी ओलांडून आपल्याकडे येणं ही काही आजची गोष्ट नाही. 1918च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झाची साथ सुरू झाली, ती बंदरातून. गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई पहिल्या रुग्णांत होते. तिथून आगगाड्यांनी आणि बोटींनी ती देशभर गेली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं दगावली. आज लस आहे, औषधं आहेत. बालरोगतज्ज्ञ सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना दरवर्षी पाऊस सुरू होण्याआधी फ्लूची लस द्यायला सांगतात. तुमच्या मुलीला दमा असेल, तर पुढच्या वैशाखात डॉक्टरांना हे आवर्जून विचारा.

एक गैरसमज मी घरोघरी ऐकते. ‘वाफ’ म्हटलं की पातेल्यातली कढत वाफ डोळ्यांपुढे येते, आणि वाफेने जंतू मरतातच ना, असं वाटतं. नेब्युलायझरची वाफ गरम नसते. ते गार तुषार आहेत, त्यांनी एकही जंतू मरत नाही. उलट ते तुषार मुद्दाम इतके बारीक, एक ते पाच मायक्रॉनचे केलेले असतात, की नाकाची गाळणी चुकवून ते थेट छातीत खोल उतरावेत. कपात औषधाबरोबर दुसरं काही असलं, तर तेही त्याच वाटेने खाली जातं.

ते दुसरं काही म्हणजे काय, हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. जुलैचा महिना, नागावच्या एका वाडीतलं घर. घरच्या सुनेने मशीन पिशवीतून काढलं, मास्क दिसायला स्वच्छ. मी कप फिरवून उघडला. आत एक छोटी शंकूसारखी टोपी असते, बोटाच्या पेराएवढी. ती उचलली, तर खाली तळाशी आधीच्या वापरातलं थेंबभर पाणी, औषधाचा पांढरट साका, आणि कडेला राखाडी ठिपके. वास आला तो ओल्या पायपुसण्याचा. ती बिचारी रोज मास्क धूत होती. कपातली टोपी निघते हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि धुतल्यावर सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायची, धूळ बसू नये म्हणून.

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात खरा प्रश्न हाच आहे. धुणं सोपं आहे, वाळवणं कठीण. आषाढ-श्रावणात इथली हवा इतकी दमट असते की वलणीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, चामड्याच्या चपलांवर बुरशी येते, मिठाची बरणी पाणी सोडते. फ्लूचा विषाणू ओलाव्यात वाढत नाही, त्याला वाढायला जिवंत पेशी लागते. सुडोमोनाससारखे जीवाणू आणि बुरशी मात्र थेंबभर पाण्यावरही जोमाने वाढतात. धडधाकट माणसाला त्यांचा सहसा त्रास होत नाही, पण दम्याच्या छातीत ते रोज पोहोचवायचे नाहीत. तुम्ही विचारलंत जंतुनाशकाबद्दल, मी उत्तर देते आहे पंख्याबद्दल, ते यासाठी.

तर नवा संच आणल्यावर असं करा. प्रत्येक वापरानंतर उरलेलं औषध ओतून टाका, कपाचे सगळे भाग सुटे करा, आणि मास्क व कप भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा. उकळून गार केलेल्या पाण्याने विसळा, जोरात झटका, स्वच्छ कोरड्या पंचावर पसरा आणि खोलीतला पंखा लावून ठेवा. पूर्ण कोरडे झाल्यावर झाकणाच्या डब्यात ठेवा, पिशवीत नको. नळी धुवायची नाही, आत पाणी अडकलं की ती वाळत नाही. वाफ संपली की ती मशीनला तशीच जोडून दोन-तीन मिनिटं नुसती हवा सोडा, आतला दमटपणा उडून जातो.

दिवसातून एकदा निर्जंतुक करावं. संचाच्या कागदावर उकळायला चालतं असं लिहिलं असेल, तर पाच मिनिटं उकळा. नसेल तर मास्क आकसून वेडावाकडा होतो, कुकरमध्ये तर नक्कीच. त्यापेक्षा 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाच मिनिटं, किंवा मेडिकलमध्ये मिळणाऱ्या 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा, आणि नंतर उकळून गार केलेल्या पाण्याने विसळा. अल्कोहोलजवळ गॅस, समई, निरांजन काही नको. डेटॉल यासाठी नाही. त्याचा अंश कपात राहिला, तर तो औषधाबरोबर तुषार होऊन मुलीच्या छातीत जाईल. व्हिनेगरवरही भरवसा ठेवू नका, पुष्कळ जंतूंना ते पुरं पडत नाही. हाताला लावायचं सॅनिटायझरही मास्कला चोळू नका.

अलिबाग-मुरूडकडे घोरण्यासाठीचं, म्हणजे सीपॅपचं, जुनं मशीन मुंबईतून विकत घेणारी मंडळीही आहेत. त्यांना मात्र मी मशीनबद्दलही जपून राहायला सांगेन. त्यातली हवा आतल्या भागांतून वाहत थेट नाकात येते, आणि ते भाग घरी धुता येत नाहीत. जून 2021मध्ये फिलिप्स कंपनीने जगभरातून अशी लाखो मशीन परत मागवली, कारण आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात येण्याचा धोका होता. मॉडेलचा नंबर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

राहिला शेजारधर्म. नाही म्हणू नका. रात्री दोन वाजता पोराला धाप लागली आणि बाहेर धो धो पाऊस असला, तर शेजारचं मशीन हाच आधार असतो, आणि गावात तो असायलाच हवा. मशीन द्या, मास्क नको. ज्या घरात दमेकरी मूल आहे, त्या घराने आपापला संच आणून ठेवावा, एवढं शेजारच्या काकूंना आजच सांगा, गरज पडायच्या आधी. मशीन परत आलं की वरून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, प्लग काढून. वाफ देताना खिडकी उघडी ठेवा आणि बाकीच्या मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा, कारण मास्कच्या कडेने तुषार बाहेर येतात आणि आजारी मूल त्यात खोकत असतं. औषध मात्र एकमेकांचं द्यायचं नाही. साध्या सर्दी-खोकल्याला ते लागतही नाही, आणि जिथे लागतं तिथे किती द्यायचं ते डॉक्टर त्या मुलापुरतं ठरवतात. वाफ देऊनही बरगड्यांखाली खळगा पडत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मशीन बंद करून सरळ दवाखाना गाठा.

आणि वन्संच्या मशीनच्या बाजूला एक छोटं गोल झाकण असेल, ते नखाने उघडा. आत स्पंजची चकती असते, हवा गाळायची. ती करडी किंवा ओली दिसली तर संच आणताना तीही नवी घ्या.